तीन कप आणि फळ्यावरचा कोरा रकाना

मी, खाली सही करणारी, समाजशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका, माझ्या मागे काय कोणाला जावे ते स्वखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवत आहे. शुद्धीचा दाखला डॉक्टरीणबाईंनी दिला आहे. माझा धाकटा भाऊ मानसशास्त्राचा. तो म्हणाला असता, स्वतःच्या शुद्धीबद्दल प्रत्येकाचं मत जरा चढंच असतं.

१. राहते घर लेकीला. ठेवावे की विकावे, तिने ठरवावे. तिचे वडील अर्थशास्त्राचे, ते असते तर म्हणाले असते, "भिंतींत जीव अडकवू नकोस, भाव आला की विकून टाक." माझे म्हणणे एवढेच, की आधी गल्लीत कोण राहायला येतंय आणि कोण सोडून जातंय, ते नीट बघ. मग काय ते कर.

२. बँकेतली शिल्लकही तिलाच. अर्थशास्त्रज्ञाच्या घरात असते तेवढीच आहे.

३. माझी काळी छत्री आमच्या माजी विभागप्रमुखांना. "भाकीत करणं हे समाजशास्त्राचं काम नाही," असे सांगून त्यांनी माझा प्रकल्प बासनात गुंडाळला, आणि त्याच संध्याकाळी पाऊस येणार नाही म्हणत भिजत घरी गेले. मला अजून हसू येते.

४. मागच्या खोलीतला फळा महाविद्यालयाला, पण एका विभागाला नव्हे. तिन्ही विभागांच्या मधल्या व्हरांड्यात लावावा. नवरा, भाऊ आणि मी महाविद्यालयात एकाच खोलीत बसायचो, तेव्हाचा हा फळा. त्यावर तीन रकाने. गावची कापडगिरणी चालेल की बंद पडेल, यावर तिघांनी लिहिले होते. हे सुताचे भाव बघत होते. धाकटा म्हणायचा, मागच्या मंदीत गिरणी तगली म्हणून साहेब लोक गाफील आहेत. मी बघत होते, की कामगार बायका आपल्या मुलींना गिरणीत न आणता टंकलेखन शिकायला धाडू लागल्यात. तिघांनीही 'बंद पडेल' असेच लिहिले. गिरणी बंद पडली, आणि ती कोणाच्या कारणाने पडली यावर आम्ही निवृत्तीपर्यंत भांडलो.

खोलीचा नियम एकच होता. निकालाआधी जे फळ्यावर नाही, ते मागाहून बोलायचे नाही. "मला वाटलंच होतं" असे जो म्हणेल, त्याने तिघांचे चहाचे कप धुवायचे.

५. ते तीन कप धाकट्याला. याचे कारण लिहिणे भाग आहे.

यांचे ऑपरेशन करावे की नाही, हा प्रश्नही यांनी हट्टाने फळ्यावर घेतला. डॉक्टरांचे आकडे मांडून यांनी 'करावे' लिहिले. मी 'बरे होतील' लिहिले. त्यात शास्त्र काही नव्हते. धाकट्याने खडू हातात घेतला आणि तसाच ठेवून दिला. हे ऑपरेशनमधून उठले नाहीत. दवाखान्याच्या जिन्यात धाकटा म्हणाला, "ताई, मला वाटलंच होतं."

त्याचा रकाना कोरा होता. त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोललेली नाही, आणि त्यानेही या घराची पायरी चढलेली नाही. कप त्याला मिळावेत, पण त्याने ते इथे येऊन, स्वतःच्या हाताने धुऊन न्यावेत. मी जिवंत असेतो तो येणार नाही, असे माझे भाकीत फळ्यावर लिहिलेले आहे. नंतर तरी यावा. माझा त्याच्यावर राग आहे आणि मला त्याची फार आठवण येते. दोन्ही खरे आहे.

पुरवणी, सह्यांच्या वेळी लिहिलेली:

दुसरे साक्षीदार म्हणून खालचे शिंपीकाका यायचे होते. दार उघडले तर धाकटा. लेकीने परस्पर फोन केला होता. वकीलबाईंनी त्याला वरील मजकूर वाचायला दिला. पाचवे कलम त्याने दोनदा वाचले.

"ताई, तेव्हा मला काहीच वाटलं नव्हतं गं," तो म्हणाला. "वाटलं असतं तर भावजींना अडवलं नसतं का मी? भावजी गेले, आणि आधीच माहीत होतं असं म्हटलं की जरा सोसवत होतं."

मी म्हटले, "मोरीत साबण आहे."

वकीलबाई म्हणतात, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. त्याने सही करायची तर पाचवे कलम रद्द करावे लागेल. मी ते रद्द करत आहे. कप आता याच घरात राहतील, आणि चहाला त्याने इथेच यावे. फळ्यावरचे माझे भाकीत चुकले. ते पुसू नये.

लेक म्हणाली, "मला वाटलंच होतं, मामा येणार." बश्या तिने धुतल्या.

ठिकाण: राहत्या घराची मागची खोली, फळ्यासमोर
दिनांक: आजचा, रविवार

लिहून ठेवणारी: (सही)
साक्षीदार पहिल्या: डॉक्टरीणबाई (सही)
साक्षीदार दुसरा: धाकटा भाऊ (सही; हात ओले असल्याने शाई थोडी पसरली आहे, ती ग्राह्य धरावी)