याकोबचा आवाज पहिला आला

नगर,
मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५

चि. मार्क,

तुला नियाजकाकाचे आशीर्वाद आणि स्टेलावहिनींना सलाम. इकडं आम्ही दोघं ठीक. थंडी पडल्यापासून शरिफाचे गुडघे कुरकुरतात. गच्चीवरची अँटेना वाऱ्यानं कलली होती, ती मी वर चढून सरळ केली. या वयात चढलो म्हणून शरिफानं दोन दिवस अबोला धरला. वाचन मात्र भरपूर झालं.

तुझा मेसेज मिळाला. "काका, नियमात कुठं लिहिलंय ते दाखवा." खाली एक हसरा चेहरा. मी नागापूरच्या कारखान्यांच्या गेटवर कामगारांच्या बाजूनं उभं राहून आयुष्य घालवलं. मालकांचे वकील हेच वाक्य बोलायचे आणि बोलून झालं की असंच हसायचे. त्यांना त्याचे पैसे मिळत होते, तू फुकटात बोललास.

फोन केला तर उचलत नाहीस. मेसेजला निळ्या खुणा दाखवतोस आणि गप्प बसतोस. म्हणून हे पत्र. येत्या रविवारच्या क्लबच्या सभेत मी हेच वाचून दाखवणार आहे. तेव्हा तुला ठाऊक असलेल्या गोष्टीही लिहितो. सभेला नवी मुलंमुली येतात. रेडिओ म्हणजे गाणी लावायचा डबा असं त्यांच्या घरच्यांना अजून वाटतं.

आपल्या स्पर्धेत असतं काय? स्वतःच्या सेटवरून हाक द्यायची, "सीक्यू, सीक्यू", म्हणजे कुणी आहे का. कुणीतरी आपली कॉलसाइन, म्हणजे परवान्यावरची खूण, सांगून उत्तर देतो. तो "फाइव्ह नाइन", म्हणजे आवाज स्वच्छ येतोय, असं म्हणतो आणि हे त्याचं कितवं बोलणं तो नंबर सांगतो, आपण आपला सांगायचा. दोघांनी एकमेकांचं नीट ऐकलं तर दोघांना एकेक गुण. मग पुढचा माणूस. सहा तासांत जास्तीत जास्त माणसं गाठील तो पहिला. शाळेतल्या पोराला कळावा इतका सोपा खेळ आहे. तो अवघड होतो तो खरखरीमुळं, बसून बसून दुखणाऱ्या पाठीमुळं आणि बसणाऱ्या घशामुळं.

तुझे वडील गेल्या वर्षी गेले. याकोब पारनेरला शाळेत विज्ञान शिकवायचा आणि शाळा सुटली की सेटपुढं बसायचा. जिल्ह्यातल्या निम्म्या हौशी रेडिओवाल्यांना परवान्याच्या परीक्षेला त्यानं बसवलं. म्हणून क्लबनं यंदापासून त्याच्या नावानं स्पर्धा सुरू केली आणि एक फिरता चषक ठेवला. अध्यक्ष म्हणून नियम लिहायचं काम माझ्याकडं आलं.

त्या नियमांत मी हाक आधी रेकॉर्ड करून ठेवायची मुभा दिली. घसा वाचतो, त्यात गैर काही नाही. तू तिथून आत शिरलास. वडिलांच्या जुन्या कॅसेटी, शाळेतली भाषणं, चर्चमधल्या प्रार्थना, सगळं कॉम्प्युटरला चारलंस आणि त्यातून त्यांचा आवाज तयार केलास. तोच आवाज हाक देणार, तेच यंत्र समोरच्याचं ऐकणार, नंबर घेणार, नंबर देणार आणि हिशेब मांडणार. सकाळी एक बटण दाबलंस, पारनेरच्या घरातून निघालास आणि श्रीरामपूरला मित्राच्या लग्नाला गेलास. हे मी शोधून काढलेलं नाही. निकालाच्या दिवशी तूच ग्रुपवर छाती फुगवून लिहिलंस. मंडपातला फोटोही टाकलास. हातात ताट, ताटात मटण, आणि खाली मजकूर, "बाबा स्पर्धा खेळतायत, मी जेवतोय."

दिवसभर जिल्ह्यातल्या माणसांनी काय ऐकलं ते ऐक. "सीक्यू, सीक्यू, याकोब सर स्मृती स्पर्धा." मेलेला माणूस स्वतःच्याच स्मृतीसाठी हाका मारत होता. दमत नव्हता, खोकत नव्हता, मध्ये पाणी पीत नव्हता. तू पहिला आलास. आता तू विचारतोस, नियमात कुठं लिहिलंय?

नाही लिहिलेलं. स्पर्धक जिवंत असावा, एवढी अट घालायची मला सुचली नाही. ती चूक माझी, मान्य.

पण मला यंत्राचा शत्रू ठरवू नकोस. गेले चार दिवस तुझे दोस्त ग्रुपवर तेच लिहितायत. म्हातारे घाबरले म्हणे. मी लेथवर काम केलंय. चांगलं मशीन आलं तेव्हा सगळ्यात आधी मी त्याच्यापुढं उभा राहिलो. चष्मा लावून वाचणाऱ्याला मी फसवा म्हणत नाही. पण चष्मा खुर्चीवर ठेवून जो सिनेमाला जातो आणि परत येऊन म्हणतो, माझं पुस्तक वाचून झालं, त्याला मी वाचक म्हणणार नाही. तू त्या दिवशी खेळलाच नाहीस, मार्क. तू लग्नात होतास. खेळलेल्या माणसाला हरवायचा हक्क न खेळलेल्याला कुणी दिला?

दुसरा आलेला अजिनाथ तुला माहीत आहे. आईबाप पाथर्डीहून ऊसतोडीला जायचे, हा आता तिथं मोबाईल दुरुस्त करतो. स्वतः जोडलेला सेट जीपच्या बॅटरीवर चालवून तो सहा तास बसला. घसा इतका बसला की चार दिवस गिऱ्हाइकांशी खुणांनी बोलत होता. मी फोन केला तेव्हा नुकता आवाज फुटला होता. मला वाटलं चिडला असेल. तर हसायलाच लागला.

"काका, सर जिते हुते तवा कायम शेवटून पयले यायचे. मेल्यावर पयला नंबर काढला. आता आमच्यासारख्यानं काय करायचं? आदी मरायचं का?"

त्यात खोटं काय आहे? याकोब कायम शेवटचा यायचा. का यायचा हे तू घरात राहून पाहिलं नाहीस? समोरच्याचा नंबर घेऊन झाला की हा विचारायचा, पाणी कसंय तुमच्याकडं, पोरगी पास झाली का, त्या दिवशी कंबर दुखत होती ती राहिली का. मागं माणसं ताटकळायची, ओरडायची, "सर, नंबर द्या की." हा म्हणायचा, देतो, नंबर कुठं पळून जातोय. त्याला स्पर्धा जिंकता येत नव्हती असं नाही. माणूस हाताशी आला की त्याला सोडवत नसे. तू त्याचा आवाज घेतलास आणि त्यातून याकोब काढून टाकलास. उरला तो पहिला आला.

याला तू श्रद्धांजली म्हणतोस. आपल्यात कुणी गेला की आपण म्हणतो, त्याची कळ, म्हणजे तारेसारखे ठोके द्यायची कळ, गप्प झाली. त्याच्या अंत्यविधीच्या दिवशी सगळ्यांनी ठरलेल्या वेळी सेट लावले आणि कुणी काही बोललं नाही. नुसती खरखर ऐकत बसलो. श्रद्धांजली ती होती. तू गप्प झालेली कळ लग्नाला जाताना खिळा मारून दाबून ठेवलीस.

आणि "आईलाही बरं वाटलं" असं ग्रुपवर लिहायची हिंमत तुला कशी झाली? वहिनींना विचारलं होतंस? शरिफाचं त्यांच्याशी बोलणं झालं. बटण दाबून तू निघून गेलास, वहिनी घरात एकट्या. पलीकडच्या खोलीतून नवऱ्याचा आवाज, तीच हाक पुन्हा पुन्हा. दुपारपर्यंत त्यांनी सोसलं. मग त्या खोलीला बाहेरून कडी घालून त्या शेजारच्या सविताकडं जाऊन बसल्या. संध्याकाळी तू विचारलंस, आई, ऐकलंस ना? त्या म्हणाल्या, ऐकलं बाळा. याला तू बरं वाटणं म्हणतोस.

सभेत मी एकच नियम मांडणार आहे. हाक यंत्रानं दिली तरी चालेल, ऐकायला माणूस हवा. तो सेटपुढं हजर नसेल तर त्या वेळचे गुण नाहीत. हा नियम नवा आहे असं कुणी म्हणालं तर मी म्हणेन, नवा नाही, लिहायचा राहिला होता. त्याप्रमाणं तुझं नाव निकालातून काढावं आणि चषक अजिनाथला द्यावा. तरुण मंडळी विरोधात मत देतील हे मला कळतं. देऊ देत. नियम हरला तर मी त्याच बैठकीत अध्यक्षपद सोडीन. ज्या खेळात कुणी कुणाचं ऐकत नाही त्याचा पंच मला व्हायचं नाही.

सभेत एवढंच वाचणार.

बुधवार, सकाळी

काल पाकीट बंद करणार होतो. त्याआधी शरिफानं पानं मागितली. तिनं सगळी वाचली, चष्मा काढला आणि म्हणाली, "पोराला इतकं झोडपलंत. तुम्ही त्या दिवशी काय केलंत ते कुठाय?"

मी म्हणालो, त्याचा इथं संबंध नाही.

"मग मी लिहू का?"

म्हणून हे पान. हे सभेसाठी नाही.

त्या दिवशी मीही सेटवर होतो. गुणांसाठी नाही, पंच म्हणून कान देत होतो. काटा फिरवता फिरवता तो आवाज लागला. पहिल्या शब्दालाच कळलं की ही मार्कची करामत. भुताखेतांच्या विरोधात मी गावोगाव बोललोय, भ्रमाला जागा नव्हती. काटा पुढं सरकवायचा आणि निषेध लिहायला घ्यायचा, एवढंच काम होतं. माझा हात माइककडं गेला.

मी माझी कॉलसाइन दिली. तो म्हणाला, "नियाज अहमद, फाइव्ह नाइन," आणि त्याचा नंबर. नियाज अहमद हे माझं परवान्यावरचं नाव. याकोबनं मला उभ्या आयुष्यात नियाजभाईशिवाय हाक मारली नाही. यंत्रानं यादीतून नाव उचललं होतं, हे मला कळत होतं. आता मी माझा नंबर सांगायचा. मी सांगितला नाही. म्हणालो, "याकोब, मी बोलतोय. ऐकू येतंय का?"

"कृपया नंबर पुन्हा सांगा."

"बरा आहेस का रे?"

"कृपया नंबर पुन्हा सांगा."

तीच पट्टी, वाक्य संपताना तेच थोडं खाली उतरणं. वर्गात पोराचं उत्तर चुकलं की तो असाच न रागावता पुन्हा विचारायचा. मी नंबर सांगितला. "धन्यवाद," म्हणाला आणि पुढच्या माणसाकडं गेला. माझा तो गुण तुझ्या बेरजेत आहे.

तिथं थांबलो असतो तर शरिफाला बोलायला जागा राहिली नसती. थोड्या वेळानं मी पुन्हा हाक दिली. एका माणसाशी दुसऱ्यांदा बोललं तर गुण नाही, हा नियम तर मीच लिहिलाय. यंत्राला तो पाठ होता. ते म्हणालं, "आपलं आधी झालेलं आहे. धन्यवाद."

त्यानंतर मी आणखी किती वेळा हाक दिली ते शरिफाला विचार. ती गच्चीवर पापड वाळत घालत होती, दारातून सगळं ऐकत होती. दर वेळी तेच उत्तर, आपलं आधी झालेलं आहे. शेवटी तिनं आत येऊन सेटचं बटण बंद केलं आणि जेवायला चला म्हणाली.

तुझ्या बाजूचा पुरावा म्हणून हे सांगत नाही. उलट आहे. मी यंत्राला बोलू द्यायला तयार होतो, नाव चुकलं तरी सोडून द्यायला तयार होतो. फक्त पलीकडं कुणीतरी असावं एवढीच माझी अपेक्षा होती, आणि पलीकडं तू नव्हतास. बटण दाबून तिथं बसला असतास तर माझा आवाज ऐकून म्हणाला असतास, काका, मी मार्क. मी तुला तिथंच चार शिव्या दिल्या असत्या, दोघं रडलो असतो आणि प्रकरण मिटलं असतं.

रविवारी मी तुझ्या विरुद्ध बोलणार, एक शब्दही कमी न करता. येऊन समोर बस.

राहिला तो आवाज. त्याचं काय करायचं हे स्टेलावहिनींना विचार. हक्क त्यांचा आहे, तुझाही नाही आणि माझा तर नाहीच. त्या ठेव म्हणाल्या तर ठेव, पण पुन्हा हवेत सोडू नकोस. पुसून टाक म्हणाल्या तर पुसून टाक, आणि पुसायच्या आधी मला फोन करू नकोस. भाषणं करून लोकांना वळवण्यात माझी हयात गेली. तुला थांबवायला मला एक वाक्य पुरेल, आणि मी ते बोलेन.

तुझ्यावर मनापासून रागावलेला, तुझ्या बापाचा दोस्त,
नियाजकाका