बॉलवर ठेवलेला हात

७ जानेवारी १९७४, सोमवार

आज पुन्हा बॉलवरचा हात आधी काढला. तीन पेनल्टी कॉर्नर, तिन्ही वाया. बॉल तळव्याखालून उडाला आणि मनोहरदादाची हिट हवेत. गवताची ढेप उपटून आली नुसती.

 आमचे कोच उस्ताद सेक्रेटरी साहेबांना म्हणाले, मला ऐकू जाईल असं: "लड़का अच्छा है, पर कच्चा है." लीगचे तीन सामने खेळलो, दोन गोल केले, तेव्हा कच्चा नव्हतो का! पण आता नॉकआउट. हरलं की घरी. बाहेरगावच्या टीमा, पगारी खेळाडू, अर्धे तर देशाकडून खेळलेले.

स्टिक फेकली. सायमनने उचलून आणून दिली. आजवर कॉर्नरला बॉल हाताने थांबवायचं काम त्याचं. चौतिशी झाली त्याची, आता उस्ताद त्याच्या जागी मला तयार करून राहिले. डाव्या हाताची वाकडी करंगळी नाचवून म्हणतो, "हे पाय. मेडल आहे माझं. तुले नाही पाहिजे का?"

अकरात कोण, ते रविवारी २० ला.


९ जाने., बुध.

माय वाचत नाही, पण बहीण वाचते. म्हणून त्या मुलीचं नाव इथे पुरं लिहायचं नाही. कुं. बस्स.

हात आधी काढायचं खरं कारण आज लिहूनच टाकतो. डिसेंबरात कुं.ला चिठ्ठी दिली. तिच्या हातात लायब्ररीचं पुस्तक होतं, त्यात सारली. ती दहा पावलं गेल्यावर मैत्रिणीला सांगते, "दादाच्या कार्डावर काढलं वं, दादाच वापस करन." दादा म्हणजे तिचा भाऊ, मनोहरदादा. आमचा कॅप्टन. कॉर्नरची हिट मारणारा.

आणि त्याच हिटखाली मी बसतो. डावा हात जमिनीवर, बॉल थांबवायचा, बॉल मेला की हात काढायचा. तिकडून म.दा.ची स्टिक पूर्ण ताकदीने येते. पाव सेकंद उशीर झाला की बोटं गेली. पाव सेकंद लवकर काढला तर बॉल उड्या मारतो.

मी लवकर काढतो. आता कोणी सांगावं मला, कसा नाही काढणार?

आज कॉलेजच्या फाटकावर कुं. दिसली. विचारलं, वाचली का? म्हणे, "कॉलेज सोडणाऱ्याचं अक्षर वाचायले वेळ लागते." आणि गेली. म्हणजे तिच्याजवळ पोचली? का टोमणाच नुसता? दुसऱ्यांदा विचारायची हिंमत नाही झाली.


११ जाने., शुक्र.

ऑफिसात स्टोअरच्या पेट्या मोजत बसलो दिवसभर. टेम्पररी नोकरी, तीही हॉकीमुळे. बाबा अजून मधूनच म्हणतात, बी.कॉम. पुरं केलं असतं तर. ऑगस्टात एक सर भर वर्गात म्हणाले होते, तुम्हा लोकांची फी माफ असते म्हणून डोकंही माफ समजता. उठलो, रजिस्टर त्यांच्या टेबलावर आपटलं, बाहेर पडलो तो पडलोच. बाबा आठ दिवस बोलले नाहीत. नवव्या दिवशी म्हणाले, "बरोबर केलं. पण परीक्षा देऊन मंग आपटाचं होतं."

प्रॅक्टिस: चार कॉर्नर. एक बरा. म.दा. प्रत्येक वेळी माझ्याकडे पाहतो. त्याला माहीत आहे. नाही, नसेल. माहीत असतं तर...


१४ जाने., सोम. संक्रांत

सुट्टी असून उस्तादांनी बोलावलं. मी, म.दा. आणि बॉल ढकलायला सायमन, एवढेच. उस्ताद सायकलवरून उतरले ते थेट डोक्यात टपली.

"क्या देख रा बे तू? उसका थोबड़ा?"

"नाही उस्ताद."

"झूट. मैं गोलकीपर था पच्चीस साल, कौन क्या देखता मेरे कू मालूम. पाँव सुन. दो कदम लेता वो. पहला पड़ा, हाथ रख. दूसरा पड़ा, उठा."

स्वतःच्या गळ्यातला गमछा माझ्या डोळ्यांवर बांधला. आंधळा करून बसवलं. आधी वाटलं मरतो आता. पण खरंच, ऐकू येतं. म.दा.चं दुसरं पाऊल जड पडतं, पोतं टाकल्यासारखं. दहातले नऊ बरोबर!

गमछा काढला. दहातले चार.

उस्ताद: "आँख बाँध के मैच खेलेगा क्या?"

म.दा.ने जाताना तिळाची वडी दिली. घरून आणलेली. कुं.ने केली असेल का. विचारता येत नाही. खाऊन टाकली.


१७ जाने., गुरु.

आज घाण झाली. हात परत काढला तर सायमन ओरडला, "मेंदी लावून आला का गा?" सगळे हसले. कॉलर धरली मी त्याची. पंधरा वर्षं खेळलेला माणूस, आणि मी त्याची कॉलर! स्टिकही उचलली होती म्हणे, मला आठवत नाही.

म.दा.ने मागून मनगट धरलं. डावंच. बोटं उघडून पाहिली एकेक, आणि हळूच म्हणाला, "बोटं सांभाळ."

बस्स, इतकंच. धमकीच ही. सरळ सरळ धमकी. त्यांचं घर मारुतीच्या देवळामागे, आमचं विहाराला लागून. मधे एक नाला, मी रोज सायकलने दोनदा ओलांडतो. पण चिठ्ठीने ओलांडायचा म्हणजे वेगळं.

उस्तादांनी सायमनची माफी मागायला लावली. मागितली. सायमन म्हणे, "माफी नोको, चहा पाज." पाजला. त्याने दोन समोसे वरून खाल्ले.


२० जाने., रवि.

यादी लागली. सोळात आहे. अकरात नाही. सायमनच खेळणार, मी बदली.

इथे तरी खोटं काहून लिहू? बरं वाटलं. छातीवरून पाटा काढल्यासारखं. सायकल घेऊन सक्करदऱ्याच्या तलावावर गेलो, बसलो, शेंगा खाल्ल्या. मग स्वतःचाच राग आला की बरं वाटलंच कसं. उरलेल्या शेंगा पाण्यात फेकल्या.

घरी बाबांनी विचारलं, "काय झालं?"

"नाही घेतलं."

"मंग हसून काहून राहिला?"

मी हसत होतो हे मलाच माहीत नव्हतं. बाबा विडी विझवत म्हणाले, "मिलमध्ये पहिल्यांदा मले लूम नाही दिला ना, मीबी असाच हसत घरी आलो होतो. मंग मोरीत जाऊन रडलो. तुले रडाचं असन तं मोरी मोकळी आहे."

रडलो नाही. आंघोळ केली.


२३ जाने., बुध.

क्वार्टर फायनल. क्रमाने लिहितो, नाहीतर विसरेन.

अर्ध्या वेळेपर्यंत ०-०. समोरचे आडदांड, पण आमचा गोली आज भिंत होता. दुसऱ्या हाफला दहा मिनिटं झाली आणि सायमनचा अंगठा गेला. बॉल सरळ नखावर. रक्त. उस्तादांनी बाकाकडे न पाहताच हाक मारली, "अशोक, चल."

संत्र्याची फोड तोंडात होती. तशीच गिळली, बीसकट.

पाच मिनिटांत कॉर्नर मिळाला. गुडघ्यावर बसलो. हात मातीत दाबून धरला. म.दा. मागे जायच्या ऐवजी माझ्यापाशी आला. वाकला. मला वाटलं बूट बांधतो.

"चिठ्ठी वाचली मी," तो म्हणाला.

मी हात आपसूक मागे ओढला.

"डिसेंबरातच वाचली. पुस्तक वापस कराच्या आधी काढली अन् तिच्या टेबलावर ठेवली. दीड महिना झाला. हात फोडाचा असता तं येवढे दिवस थांबलो असतो का बे?"

"पण दादा, तू म्हटलं बोटं सांभाळ..."

"तं सांभाळाची नाही का? तुह्या बोटाइनं मी गोल मारतो. आता हात हलवशील तं खरंच मारीन."

आणि मागे गेला. अंपायर ओरडला, आटपा.

बॉल आला. हात ठेवला. उस्तादांचं काही ऐकलं नाही मी, पाय-बिय काही नाही. मान वळवून सरळ म.दा.चं तोंडच पाहिलं. आणि तो माझ्याकडे पाहतच नव्हता! घामाने भिजलेला, दात खाऊन गोलीकडे पाहत होता. मी त्याच्या हिशेबातच नव्हतो. हात होता फक्त.

काढला. वारा बोटांना लागला. गोलच्या फळीचा आवाज अजून कानात आहे.

१-०. तसंच संपलं.

हेही लिहिलं पाहिजे: शेवटच्या मिनिटांत दुसरा कॉर्नर मिळाला, त्यात हात परत आधी काढला. कोणाची भीती नव्हती तरी. बॉल उडाला. जिंकत होतो म्हणून कोणी लक्ष दिलं नाही. उस्तादांनी दिलं. त्यांच्या हाफबॅकने कोपर मारलं तर त्याला आईवरून शिवी दिली मी, अंपायरने ताकीद दिली. तेही उस्तादांनी पाहिलं.

नंतर नळावर म.दा. तोंड धूत म्हणाला, "जास्त खुश नोको होऊ. आमचा बुढा मानणार नाही. अन् तुह्यासाठी मी त्याच्यासंग भांडणार नाही, आत्ताच सांगून ठेवतो. घरचं घरी पाहू. ग्राउंडवर तुहा हात तो माहा हात."

नाही म्हणाला की हो म्हणाला? नाहीच म्हणाला बहुतेक. तरी इतकं हलकं वाटून राहिलं की सायकल घरी न्यायची विसरलो, चालत आलो. अर्ध्या रस्त्यात आठवलं.


२४ जाने., गुरु.

सायकल ग्राउंडवरच होती. बरं आहे जग.

येताना कुं. भेटली. तीच थांबली!

"दादा म्हणत होता, हात हलला नाही तुझा."

"एकदा हलला."

"मले एकदाचंच सांगितलं त्यानं." मग चप्पल मातीत घासत, "वाचून राहिली मी."

"दीड महिन्यापासून?"

"अर्धी झाली. घाई आहे का तुले?"

नाही म्हटलं. मी! घाई नाही म्हटलं!


२६ जाने., शनि.

सकाळी झेंडावंदन, मग प्रॅक्टिस. उद्या सेमी. समोर मागच्या वर्षीचे जिंकलेले. त्यांची क्वार्टर पाहिली आम्ही, कॉर्नरला धावून येतात तेव्हा बघणाऱ्याचीही छाती दडपते.

सायमनच्या अंगठ्याला पट्टी आहे, पण सूज उतरली. म्हणतो, खेळू शकतो. हात पुढे करून दाखवतो सगळ्यांना.

प्रॅक्टिसला उस्तादांनी डोळे उघडे ठेवून वीस कॉर्नर घेतले. तेरा बरोबर. मग सगळ्यांना घरी पाठवलं आणि मला थांबवलं. जाळीला टेकून उभे राहिले, बराच वेळ दात कोरत.

"तू बोल. तैयार है?"

महिन्याभरापूर्वी त्यांचं वाक्य संपायच्या आत हो म्हणालो असतो. वर भांडलो असतो. आज आधी हिशेब केला. भीती नव्हती, खरंच. ते सात कॉर्नर दिसून राहिले डोळ्यांपुढे.

"माहीत नाही उस्ताद. बोलावलं तं येईन."

त्यांनी काडी फेकली. हसले की नाही, मिशीमुळे कळलं नाही. "साइमन भी यहीच बोला," म्हणाले, आणि सायकलवर बसून गेले. अकरा जण उद्या ग्राउंडवरच सांगणार.

राग आला नाही. कमाल आहे. शोधला, पण नाही आला.

माय आत्ता परातीत पीठ घेऊन बसली आहे, उद्याचा अंदाज करत. सामना असला की मी दुपारी एकच भाकरी खातो, नसला की तीन. तिथूनच ओरडली, "काय रे, उद्या एक टाकू का तीन?"

"दोन टाक," म्हटलं.