तुझ्या खाणीतली धूळ

चिमणे,

तुझा कॉम्प्युटर मी बंद केलेला नाही, घाबरू नकोस. सकाळी वीज वाया जाते म्हणून स्क्रीन तेवढी बंद केली आणि काम थांबलं असं समजून चहा घेऊन तिथेच टेकलो. तर पंखा आपला घरघरतोच आहे. कॉम्प्युटरच्या डब्याला हात लावला, चांगला गरम. पुन्हा स्क्रीन लावली, तर आकड्यांच्या ओळी धावतच होत्या.

जन्म खाणीत गेला माझा, पण थक्क झालो बघ. आमचंही असंच असायचं. वर सगळं सामसूम, आणि पायाखाली माणसं खणतायत. काल यंत्र सुरू करताना तू म्हणालीस, ही डिजिटल नाण्यांची खाण, जगभरची यंत्रं एकच आकडा शोधतायत, ज्याला आधी सापडेल त्याचं नाणं. तेव्हा मी 'घरबसल्या कसली गं खाण' म्हणून हसलो. आज चहा गार झाला तरी नजर हटेना.

एक मात्र तुझं चुकलं. 'बाबा, आमच्या खाणीत धूळ नसते' म्हणालीस. पंख्याची जाळी धुळीनं पार बुजली होती. कोरड्या ब्रशनं साफ केली आहे. खिडकीही उघडी ठेवली आहे, खणणाऱ्याला हवा लागते.

मी छातीचा फोटो काढायला दवाखान्यात जातोय. आईनं विचारलं तर बाजारात गेलेत म्हणून सांग.

जाळी मात्र अधूनमधून पुसत जा. धूळ वेळेवर काढली तरच निघते.

बाबा