खरवडलेल्या टिकल्या

विकास नगर, लखनौ
१२ ऑगस्ट १९९६

ती. लक्ष्मीकांतदादास, आणि पंखा समजून दिवा लावणाऱ्या, दिवा समजून घंटा वाजवणाऱ्या आपल्या साऱ्या घराण्यास चंद्रहासचा साष्टांग नमस्कार.

बंधूंनो आणि वहिनींनो, सगळी बटणं एकाच साच्यातून काढणाऱ्या कारखानदारांनी आपल्या बोटांचा घोर अपमान चालवला आहे! (वहिनींचा गुडघा कसा आहे? आई ठणठणीत आहे, हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना घाबरणार नाहीस. तुला मागे लिहिलेल्या विषयावर शेवटी येतो.)

मंगळवारी संध्याकाळी मराठी मंडळाची बैठक आमच्याकडे होती. सुनीती शाळेत शिकवायला गेलेली. बँकेत जाण्याआधी मी घर आवरायला घेतलं, तर जिथे तिथे बायकोसाहेबांच्या टिकल्या! तोंड धुताना बायका आरशाला चिकटवतात, ते समजतं. पण फोनच्या पाच या आकड्यावर? शेगडीच्या बटणावर? माझ्या स्कूटरच्या हॉर्नवर? मी आळसाविरुद्ध वीस मिनिटं बोललो आणि ब्लेडनं एकूण एक टिकली खरवडली. (आई तीनदा "अरे, पण" म्हणाली. भाषणात मध्ये बोललेलं मी ऐकत नाही.)

काचबिंदूनं आईला आता सावल्याच दिसतात, तरी रोज एक वाजता ती बँकेत फोन करून "जेवलास का?" विचारते. त्या दिवशी फोन आला नाही. दीडला मी लावला, तर सतत एंगेज. घरात ती एकटी, आणि शेगडी! स्कूटर काढली. हजरतगंजच्या चौकात पुढे टांगा. अंगठा हॉर्न दाबायला गेला आणि दिवा लागला. दोन महिने माझा अंगठा ती टिकली वाचत होता, आणि मी, इतकी पुस्तकं पचवलेला, निरक्षर राहिलो! शेवटी "हटो भैया, हटो!" असं घशानंच हॉर्न वाजवत निघालो. टांगेवाला म्हणाला, "बाबूजी, चुनाव है क्या?"

घरी आई खुर्चीत, कानाला फोन. पाचाची खूण नसल्यानं एक कळ चुकून तो अमीनाबादच्या कुणा शिंप्याला लागला होता. त्याला ती धिरडी शिकवत होती. "भैया, पानी थोडा थोडा डालना." मग मला, "ओरडत का आलास? भला माणूस आहे हा. मध्ये बोलत नाही."

दादा, मी आधी शेगडी बंद आहे का ते पाहिलं. मग तिच्या शेजारी बसून धिरड्यांची कृती शेवटपर्यंत ऐकली.

सुनीती आल्यावर उलगडा झाला. दोघींनी मिळून टिकल्या लावल्या होत्या. मधली कळ सापडली की बाकीच्या मोजून सापडतात. शेगडीची टिकली वर असली की गॅस बंद. "आणि हॉर्नवर?" मी विचारलं. "तुम्ही घोड्यांना दिवे दाखवता म्हणून." (बँकेच्या नव्या कम्प्युटरच्या दोन कळांवर असेच उंचवटे आहेत. सदोष माल म्हणून तो परत पाठवा, असं कडक पत्र मी लिहिलं होतं. ते गुपचूप फाडलं.)

तुझा
चंद्रहास

ता. क. आईनं आता एक टिकली माझ्या खुर्चीच्या पाठीलाही लावली आहे. समोर कुठे बसू नये, ते कळतं म्हणे.

ता. क. दुसरा. 'आई एकटी राहू शकत नाही, दिवाळीआधी घेऊन जा,' असं मी तुला ठणकावून लिहिलं होतं. ती राहू शकते. एकटं सोडू नये ते मला. दादा, तिचं सांगलीचं तिकीट आजच्या आज रद्द कर.