सात किलोच्या आत

३ तारीख

चि. मापट्यास ताईचे अनेक आशीर्वाद.

फोनवर बोलायला डॉक्टरांनी बंदी घातलीय, म्हणून हे पत्र. एकोणीस तारखेला सकाळी दहाला घशाची शस्त्रक्रिया आहे. तोवर अवाक्षर काढायचं नाही. नंतर आवाज राहील की जाईल, ते त्यांनाही सांगता येत नाही. तीस वर्षं स्टेशनवर गाड्यांच्या घोषणा केल्या आणि आता तोंडाला कुलूप! घर इतकं शांत कधीच नव्हतं, असं सूनबाई म्हणते. जरा जास्तच खुशीत म्हणते.

आत नेण्याआधी एकदाच काहीतरी बोलू द्या, असं मी डॉक्टरांना लिहून विचारलं. माणूस खडूस, पण हो म्हणाला. ते मी तुझ्यासाठी राखून ठेवलंय. मापट्या, अशी हाक मारेन, तू ओ दे. अकरा वर्षं झाली रे समोरासमोर हाक मारून.

गाडीने मात्र येऊ नकोस. गाड्या किती उशिरा येतात ते मला विचार. विमानाने ये.

वाट बघणारी,
ताई

६ तारीख

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि हातातलं काम हातातच राहिलं. एका भाजीवाल्याचा तराजू दुरुस्तीला उघडलाय, तो तसाच पडलाय आणि मी विमानाची चौकशी करत हिंडतोय. डोक्याचा पार भुगा झाला बघ.

स्वस्तातल्या विमानाचं तिकीट गाडीपेक्षाही कमी! मी हुरळलो. तेवढ्यात शेजारचा चष्मेवाला म्हणाला की खिडकी हवी तर वेगळे पैसे, मोठी बॅग हवी तर वेगळे, पाणीसुद्धा विकत. म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. महागातलं विमान जेवायला घालतं, पण ते आपल्याला झेपायचं नाही. स्वस्तातलं दोन तासांत पोचवतं, पण कुठे? विमानतळाला नाव तुझ्या शहराचं आणि जागा शहरापासून नव्वद किलोमीटरवर! रद्द केलं तर दमडी परत नाही. गाडीला दोन दिवस लागतात, पण पाय पसरता येतात आणि माणसं डबा उघडून बोलवतात. कागदाच्या एका बाजूला फायदे लिहिले, दुसऱ्या बाजूला तोटे. दोन्ही पारडी सारखी. आयुष्यभर लोकांचे काटे सरळ केले, माझा स्वतःचा काही स्थिर होत नाही.

काय करू ते तूच सांग. उशीर झाला तर काय, या विचाराने झोप लागत नाही.

तुझा गोंधळलेला,
मापट्या

९ तारीख

चि. मापट्यास अनेक आशीर्वाद.

तुझं तळ्यात-मळ्यात पुरे! लहानपणी एक चपलांचा जोड निवडायला दुकानाची फळी लागेपर्यंत बसायचास, तोच तू. स्वस्तातलंच काढ, अठराचं, म्हणजे जवळजवळ एक दिवस हाताशी राहील. बॅग सात किलोच्या आत हवी, एवढं सांभाळ. तुझ्यासारख्या काटेवाल्याला त्यात काय अवघड? आणि सोबत डबा घे. ते लोक काही देत नाहीत.

लोभ वाढव, वजन वाढवू नकोस.
ताई

१८ तारीख, विमानतळ

ती. ताईस शि. सा. न.

हे पत्र हातानेच देईन. अकराचं विमान, आता चार वाजलेत. कधी सुटणार, कुणालाच माहीत नाही. तोवर माझा पराक्रम ऐक.

डब्यासकट बॅग घरी तोलली. सहा किलो नऊशे नव्वद ग्रॅम. शाबास म्हटलं. मग मनात किडा वळवळला, विमानवाल्यांचा काटा खोटा निघाला तर? म्हणून वस्तादांनी दिलेलं एक किलोचं पितळी वजन, ज्याच्यावर मी चाळीस वर्षं सगळ्यांचे काटे तपासले, ते बॅगेत टाकलं. काउंटरवर बॅग भरली सात किलो नऊशे नव्वद. मी तापलो. तुमचा काटा खोटा आहे, असं त्या मुलीला ठणकावलं आणि वजन काढून तिच्या काट्यावर ठेवलं. बरोबर एक किलो! काटा तंतोतंत खरा. मागची रांग हसायला लागली. आपल्याच पायावर धोंडा, तोही तपासून घेतलेला.

जादा वजनाचे पैसे तिकिटाहून जास्त. वजन सोडवेना, म्हणून डबा काढला आणि झाडणाऱ्या बाईंना दिला. पुढे तपासणीत शिपायाने वजनच काढून घेतलं. परत येताना न्या म्हणाला. म्हणजे डबाही गेला आणि वजनही.

गाडीने निघालो असतो तर? महागाचं काढलं असतं तर? काही कळत नाही, ताई. तू हाक मारशील आणि मी तिथे नसेन, याची फार भीती वाटते.

मापट्या

२७ तारीख

चि. मापट्यास अनेक आशीर्वाद.

घशातली गाठ काढली. साधी होती, आता धोका नाही. आवाज मात्र गेला. फार तर कुजबुज येईल म्हणतात. रडू नकोस, दोघांच्या वाटचं मी रडून घेतलंय.

त्या सकाळी मला शस्त्रक्रियेच्या खोलीच्या दारापर्यंत नेलं होतं. डॉक्टर घड्याळ दाखवत होते आणि मी दाराची कड घट्ट धरून ठेवली होती. तेवढ्यात तू आलास. विमानतळावरून पहिली बस धरून, केस पिंजारलेले, तोंड सुकून एवढंसं झालेलं. सोळा दिवस जपलेली हाक अगदी ओठांवर होती रे! पण तुझा तो अवतार बघितला आणि भलतंच बाहेर पडलं. जेवलास का, असं विचारून बसले. तीस वर्षांत एक घोषणा चुकले नाही आणि नेमकी हीच चुकावी? तू नुसता रडत उभा राहिलास आणि त्यांनी दार लावलं. पुढे मी गुंगीत, आणि तुझं परतीचं तिकीट बदलत नव्हतं.

हाक राहून गेली ती गेलीच. पण मी शेवटचं जे विचारलं, त्याचं उत्तर तू दिलेलं नाहीस. ते लेखी धाड. खोटं लिहू नकोस, काटेवाला आहेस.

ताई

३० तारीख

ती. ताईस शि. सा. न.

ओ, ताई.

नाही जेवलो. ते लोक काही देत नाहीत.

तुझा,
मापट्या