वर्षाच्या आत बोलोन्या

लीड्स,
९ मे २०२५

चि. सौ. देविकास,

अनेक आशीर्वाद. या खेपेला मोजून देते आहे.

इकडील सर्व कुशल. तिकडचं कुशल मी रश्मीच्या स्टेटसवर पाहिलं. बँक हॉलिडेच्या सोमवारी सकाळी चहा घेता घेता फोन उघडला, तर बोलोन्यातल्या कमानीखाली एक टेबल, त्यावर फेसाळत्या लाल वाइनचे तीन ग्लास, आणि मागे तू, रश्मी आणि एक तिसरीच बाई. तिसरी! अगं, अकरा वर्षं दर मेमध्ये आपण तिघी जातो, लिस्बन झालं, सेव्हिल झालं, नेपल्स झालं, आणि तिसरी मी असते. चहाचं पार पाणी झालं तरी मी तो फोटो मोठा कर-करून बघत होते.

रश्मीला विचारलं तर म्हणाली, ती ईरा, वेम्बलीतली शेजारीण, खूप फन आहे. असेल बाई. अजून चाळिशी उलटली नाही, गुडघे शाबूत आहेत, फन असायला जातंय काय?

आणि विनय! रविवारी त्याचा फोन आला तेव्हा तू कुठे आहेस विचारलं, तर म्हणाला बागेत आहे. बागेत काय लावते आहे विचारलं, तर म्हणाला बटाटे. तुमच्या बागेत तर सगळी फरशी आहे. माझ्या सख्ख्या भावाला जन्मात कधी धड खोटं बोलता आलं नाही.

मी डॉक्टर आहे. ॲसिडिटी कुठली आणि मत्सर कुठला, एवढं मला कळतं. हा मत्सर आहे. राजीव जाऊन नऊ महिने झाले. घरातली त्याची जागा रिकामी झाली, ते मी रोज बघते. पण नवरा गेला म्हणून तुमच्यातली माझी जागाही मोडीत काढायची?

मला का विचारलं नाहीस, एवढंच लिही. फोन करू नकोस. फोनवर मला रडू येईल आणि मुद्दा राहील बाजूला.

विनयच्या बटाट्यांना आशीर्वाद. लोभ होता. अजून आहे का, ते तुझं उत्तर आल्यावर ठरवते.

तुझी,
सुप्रभाताई


रीडिंग,
१५ मे २०२५

ती. सुप्रभाताईंस,

शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र ऑफिसला जाताना दारात मिळालं. ट्रेनमध्ये तीनदा वाचलं आणि त्या नादात माझं उतरायचं स्लाउ स्टेशन मागे गेलं.

चूक माझी, रश्मीची नाही. फेब्रुवारीत तिकिटांचा विषय निघाला तेव्हा मीच म्हणाले की ताईंचं वर्ष चालू आहे, त्यांना विचारायचं नाही. वर्षाच्या आत सणवार नाही, गोडधोड नाही, मग वाइन प्यायला चला म्हणून कुठल्या तोंडाने सांगू? आमच्या माहेरी वर्ष होईपर्यंत घरातलं माणूस कुणाकडे जेवायलासुद्धा जात नसे. शिवाय दिवाळीत तुम्हाला इकडे या म्हटलं, तेव्हा तुम्हीच म्हणालात की आता मला कुठे बोलावू नका. ते मी मनाला लावून घेतलं. विनयला खोटं बोलायला मीच सांगितलं, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून. बटाटे मात्र त्याच्या स्वतःच्या डोक्यातले.

ईरा चांगली आहे हो. फोनवर बघून सगळं तीच ऑर्डर करते. भोपळ्याचं सारण भरलेले टॉर्टेलोनी, म्हणजे पास्त्याच्या करंज्याच, आले होते, लोण्यात परतलेले, वर कुरकुरीत सेजची पानं. एकेक तोंडात टाकल्यावर लगेच दुसरी प्लेट मागवली. रश्मीच्या ताटात कसलं मटण होतं ते मी विचारलं नाही. पहिल्या दिवशी मी तुमच्या सवयीने पर्समधून लसणाच्या चटणीची डबी काढली, पण ईरा म्हणाली की इटलीत असं करू नये, शेफचा इन्सल्ट होतो. मग परत ठेवली.

माझ्या मनात वाईट काही नव्हतं, ताई. तुम्हाला जपायचं होतं.

लोभ तुमच्या हातात. तो काढून घेऊ नये, ही विनंती.

तुमची,
देविका


लीड्स,
१९ मे २०२५

चि. सौ. देविकास,

आशीर्वाद.

डबी परत ठेवलीस? नेपल्सचा तो म्हातारा वेटर आपल्या पिझ्झ्यावरची चटणी चाखून स्वयंपाकघरातल्या लोकांसाठी वाटीभर घेऊन गेला होता. तेव्हा कुणाचा इन्सल्ट झाला नव्हता! ही कालची पोर तुला इटली शिकवते आणि तू शिकतेस. कमाल आहे.

आता वर्षाचं. दिवाळीत मी बोलले, तेव्हा राजीवला जाऊन तीन महिने व्हायचे होते. दिवाळीतलं वाक्य मेमध्ये लागू करायचं म्हणजे काय? आणि ज्या माहेरी वर्षभर जेवायला जात नसत, तिथे नणंद-भावजय पोर्तुगालला जाऊन पोर्ट वाइन पीत असत का? तेवढं एकच सोवळं बरं आठवलं तुला.

तू एकटीच नाहीस म्हणा. मंडळाच्या पाडव्याला मला बोलावणं नाही. माझ्यासमोर कुणी हसत नाही. सगळे माझ्याशी वॉर्डातल्या पेशंटशी बोलावं तसं हळू आवाजात बोलतात. इतकं जपलंत की मी कुठे नसतेच. नको म्हणायचं की हो, ते माझं मला ठरवू दे ना.

एक खरं सांग. तिथे माझी आठवण आली का? गोड बोलू नकोस, मला लगेच कळतं.

लोभाचा निर्णय अजून राखून ठेवला आहे.

सुप्रभाताई


रीडिंग,
२५ मे २०२५

ती. सुप्रभाताईंस,

शि. सा. न. वि. वि.

दोनदा लिहून फाडलं. आता जे आहे ते लिहिते.

पहिल्या दिवशी सारखी आठवण आली. दुसऱ्या दिवशी थोडी कमी. तिसऱ्या दिवशी जेवताना रश्मीने तिच्या व्याह्यांची नक्कल केली आणि मी हसून हसून टेबलावर डोकं टेकलं. तेव्हा लक्षात आलं, ताई, की सकाळपासून तुम्ही मनातसुद्धा आला नव्हतात. तुमच्याशिवाय मला मजा आली. मनापासून आली. आणि मग एकदम भीती वाटली, की माणूस इतक्या सहज बाजूला पडतं?

तुम्हाला विचारलं नाही ते वर्षामुळे, ते खरंच आहे. पण परत आल्यावर गप्प बसले ते ह्यामुळे. तुम्ही कसं झालं विचारलं असतं, तर माझ्या आवाजावरून तुम्हाला कळलं असतं.

हवं तेवढं रागवा. पण तुमच्याशी खोटं बोलणारं घरात एक माणूस पुरे.

लोभ मागायचा धीर होत नाही, तरी मागते.

देविका


लीड्स,
१ जून २०२५

चि. सौ. देविकास,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून अंगाचा तिळपापड झाला. तशीच उठले, बरी साडी नेसले आणि हेडिंग्लीतल्या इटालियन रेस्टॉरंटमध्ये दुपारी एकटी जाऊन बसले. म्हटलं, या बायका माझ्याशिवाय जेवू शकतात, तर मीही जेवू शकते. लाल वाइन मागवली, भोपळ्याचे टॉर्टेलोनी मागवले. वेटरने आणखी कुणी येणार आहे का विचारलं, मी नाही म्हणून सांगितलं.

शेजारच्या टेबलावर दोघी गोऱ्या आज्या होत्या, दोघी निवृत्त नर्स. मी भूल देणारी डॉक्टर होते हे कळल्यावर त्यांनी मला ओढून आपल्या टेबलावर घेतलं. मग काय, सर्जन लोकांची जी धुलाई झाली! तीन तास बसलो. मला उचकी लागेपर्यंत हसू आलं. बसमध्ये बसले आणि एकदम लक्षात आलं, की त्या तीन तासांत मला राजीवची एकदाही आठवण आली नव्हती.

देविका, तुला वाटली तशीच भीती मला वाटली. घरी येऊन त्याच्या फोटोपुढे उभी राहिले. मग तुझं पत्र परत वाचलं आणि खूप रडले. तुला माझ्याशिवाय हसू आलं म्हणून मी तुझ्यावर रागावले, तर तोच नियम मला लावावा लागेल. मला तो लावायचा नाही. त्याला विसरले नाही मी, आणि तूही मला विसरली नाहीस. मत्सर अजून आहे, तो काही एका वाइनने जात नाही.

वर्षश्राद्ध ऑगस्टमध्ये आहे, ते रीतसर करणार. पण तोवर हसायचं थांबवणार नाही. जुलैत एक वीकेंड मोकळा आहे, शहर तुम्ही ठरवा. ईरालाही सांगा. तिला न सांगता आपण तिघी गेलो आणि तिने फोटो पाहिला, तर तिला काय वाटेल ते माझ्याइतकं कुणाला माहीत असणार?

मी येते, असं इथे मुद्दाम लिहीत नाही. तू मला विचार. मी आढेवेढे घेईन, वर्षाचं कारण पुढे करीन, गुडघ्यांचं करीन. तरी परत विचार.

लोभ आहे, आणि तो असाच भांडका राहो.

तुझी,
सुप्रभाताई