बर्नहार्डशेजारची जागा

लिंडेनबाख, मॅनिटोबा
४ मे १९७९

ती. कॉर्नेलिअसदादास अगाथाचा सा. न. वि. वि.

चर्चच्या शताब्दीसाठी आपल्या कबरस्तानाचा इतिहास लिहायचं काम पाळकांनी माझ्या गळ्यात मारलंय. इतिहास कसला! शंभर वर्षं एकच नियम: ज्या क्रमाने मेलात, त्या क्रमाने ओळीत. श्रीमंतांना कोपरा नाही, नवराबायकोला शेजार नाही. बांधावरून जन्मभर भांडलेले दोघे फ्रीझन एकमेकांना खेटून आहेत, कारण एकाच आठवड्यात गेले.

फेब्रुवारीत माझा बर्नहार्ड गेला. त्याच्या शेजारची जागा आता गावात पुढे जो जाईल त्याची. ती मला हवी आहे, पण मरायची घाई नाही. म्हणून कोणी खोकलं की मी सूप घेऊन हजर. पाळकीणबाई म्हणाल्या, "अगाथाताई, किती हो माया तुमची!" मी खाली मान घातली.

तुझी छाती कशी आहे? लोभ आहेच, पत्रही असावं.

तुझी अगाथा

विनिपेग
१९ मे

चि. अगाथास अनेक आशीर्वाद.

तुझं सूप इथवर पोचत नाही, म्हणून सांगतो. डॉक्टर म्हणाले, उन्हाळा निघेल, पुढचं विचारू नका. म्हणजे पुरायला गावी आणलंत तर रांगेत मीच पहिला, आणि शेजारी बर्नहार्ड! चर्चमध्ये पियानो आणण्यावरून आम्ही एकवीस वर्षं बोललो नाही.

म्हणून इथेच शहरात जागा बघितली. शेजारी कोणी अनोळखी बाई आहे, निदान वाद घालणार नाही. आईबाबांपासून लांब पडेन, एवढंच. तुझी जागा तुला राहील. पाळकांना कळव.

तुझा दादा

लिंडेनबाख
२४ मे

ती. दादास सा. न.

पाळकांना कळवलं. म्हटलं, "दादा घरी येतोय. बर्नहार्डशेजारची जागा मी माझ्यासाठी राखत होते, आता तिथे त्यालाच ठेवा." सूप कशासाठी होतं ते त्यांना तेव्हा उमगलं.

उन्हाळ्यासाठी आधी माझ्याकडे ये, चालत्या पायांनी. खालची खोली झाडून ठेवलीय. रडले वगैरे नाही. कांदे चिरत होते.

दर रविवारी जेवायला तुम्हा दोघांच्या मध्ये मी बसायचे. मीठ दे म्हणावं त्याला, पाव सरकव म्हणावं त्याला. एकवीस वर्षं तुमचे निरोप पोचवले. आता मध्ये कोणी नाही. काय बोलायचं ते आपापसात बोलून घ्या. मी यायला पुष्कळ वेळ लावणार आहे.

दाराशी वाट बघणारी,
अगाथा